दुसरी नळी

४ फेब्रुवारी

ठकू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर आलो. फोन एका बोटाने कापता येतो. कागद कापायला निदान कात्री शोधावी लागते, आणि तुझ्या घरात कात्री कधी जागेवर नसते हे मला पक्कं ठाऊक आहे. शिवणकाम शिकवणाऱ्या बाईच्या पोटी जन्मून ही तऱ्हा! असो. सुरुवातीलाच भांडण नको.

इकडे सगळं ठीक आहे. माझे गुडघे तेवढे तेल न दिलेल्या मशीनसारखे कुरकुरतात. त्यांच्यासाठी मोठ्या हॉस्पिटलात हेलपाटे चालू आहेत. तुझी आई सोबत येते. म्हटलं, तू घरी आराम कर, तर म्हणाली, "तुम्हाला एकटं सोडलं तर लिफ्टचा पत्रा उघडून बसाल, मिस्त्री." आता जन्मभर लोकांची शिलाई मशीनं उघडत आलेल्या माणसाचा हात शिवशिवणारच की.

जागा स्वच्छ आहे. लांब बोळ, भिंतीला लागून हिरव्या खुर्च्या. बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या डोक्याला रुमाल नाहीतर लोकरीची टोपी. तुझी आईही रुमाल बांधते. एसी फार गार असतो ना.

त्या बोळाच्या टोकाला एक प्रयोगशाळा आहे. तिथे एक मुलगी काम करते, तुझ्याच वयाची. डॉक्टरच आहे, पण औषध देणारी नाही, शोध घेणारी. बोलायला लागली की दर वाक्यात पेशी. म्हणून तुझ्या आईने तिचं नाव पेशीबाई ठेवलंय, आणि ती त्या नावाला ओ देते. तिचा अभ्यास असा: ज्यांचा कॅन्सर अंगभर पसरलाय, त्यांच्या रक्तात कधीकधी एक वेगळीच पेशी फिरताना सापडते. रक्तातल्या बाकीच्या पेशींपुढे ही म्हणजे गाढवांच्या कळपात हत्ती. एकेका पेशीच्या पोटात चारचार केंद्रकं. रक्त एका बारीक चाळणीतून सोडतात. बाकी सगळं खाली गळतं, ही वर अडकते. मग तिला रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. चाळणी मी डोळ्यांनी बघितली. भोकं काही दिसली नाहीत, पण आहेत म्हणे.

तुलनेला धडधाकट माणसाचं रक्तही लागतं. ते शक्यतो त्याच घरातलं घेतात, पाणी तेच, जेवण तेच, वयही जवळपास. म्हणजे जोडीने घेतात, एक आजारी आणि एक धडधाकट. आमच्या जोडीतला धडधाकट मी. गुडघे सोडून.

एक गंमत सांगतो. रक्त काढताना पहिली नळी भरतात आणि चक्क फेकून देतात. मला राहवेना, विचारलं. पेशीबाई म्हणाली, "आजोबा, सुई आत शिरताना वरच्या कातडीचा चुरा सोबत नेते. तो पहिल्या नळीत उतरतो आणि आमची दिशाभूल करतो. खरं रक्त दुसऱ्या नळीपासून." नवीन मशीनची पहिली टीप आपण रद्दी कापडावर मारतो ना, तसंच हे.

तुझी आई बरी आहे. जेवण जरा कमी झालंय, वयच ते. शिकवणीचे वर्ग बंद केलेत. मुली फार दंगा करतात म्हणते. आमची नात आता चुरूचुरू बोलत असेल. उत्तर घातलंस तर दुकानाच्या पत्त्यावर घाल. घरी पोस्टमन उगाच कुत्र्याला भितो.

तुझा बाबा


२० फेब्रुवारी

ठकू,

तुझं पाकीट आलं. एवढ्या मोठ्या पाकिटात एकच ओळ: "बाबा, जोडीतला आजारी कोण?"

आणि खाली, "आपल्याकडे कुत्रा कधीपासून?"

मला खोटं बोलता येत नाही, हे तुझी आई नेहमी म्हणते. तुझी आई आजारी आहे, ठकू. मागच्या वेळचंच परत उलटलं. आता यकृतात आहे, हाडांतही आहे. इथले मोठे डॉक्टर कमी बोलणारे आहेत. म्हणाले, "घालवता येणार नाही. थोपवता येईल तेवढं थोपवू." माझे गुडघे ठणठणीत आहेत.

तिने माझ्याकडून शपथ घेतली होती. "पोरीला कळवलंत तर माझ्याशी बोलू नका." मी म्हटलं, अगं, मागच्या वेळी तिचं बाळंतपण तोंडावर होतं म्हणून तू ऑपरेशन लपवलंस, ते तिला शेजारणीच्या तोंडून कळलं, आणि त्यातून हे सगळं झालं. आता पुन्हा तेच? तर म्हणाली, "मी तिच्या भल्यासाठी केलं. भलं केल्याची माफी मागायची रीत मला ठाऊक नाही." तू फोनवर तिला काय म्हणालीस ते तिने मला कधी सांगितलं नाही. पण एकदा मशीनवर बसल्याबसल्या पुटपुटत होती, "पोटच्या पोरीला पाहुणी केलंस म्हणते. आईला असं बोलतात?" दोन वर्षं झाली, ते वाक्य तिच्या घशात काट्यासारखं अडकलंय. तुझ्याही अडकलं असेल.

लगेच निघू नकोस. तू अचानक दारात उभी राहिलीस तर तिला कळेल मी फुटलो, आणि ती औषधच घ्यायचं बंद करेल. तिची एक अट आहे, ती ऐक. नवीन औषध सुरू केलंय, त्याने फार हाल होतात. ती म्हणते, "हे लागू पडलं नाही तर बोलवा पोरीला. लागू पडलं तर मी माझ्या पायांनी तिच्या दारात जाईन." आजारपणाच्या ओढीने तू आलेली तिला नकोय. बरी होऊन यायचंय. तिचा ताठा तुला नवा नाही, तुझ्यातही तोच उतरलाय.

तोवर पेशीबाईची ती खोली हाच तिचा विसावा आहे. वॉर्डात सगळे हळू आवाजात बोलतात. पेशीबाई मात्र मोठ्याने बोलते आणि तिला पडद्यावर पेशी दाखवते. निळ्या केंद्रकांची, हिरव्या कडेची, शेपटी फुटल्यासारखी. पहिल्यांदा बघितली तेव्हा तुझी आई खुर्चीतून पुढे वाकली.

"ही माझी?"

"तुमचीच, आजी. मोजणी संपली की नळीवरच्या आकड्यांमागची नावं आम्ही उघडतो, तेव्हा कळतं कोणाची."

"बघा हो मिस्त्री, केवढी धष्टपुष्ट! मी खाते ते माझ्या अंगी लागत नाही, हिच्या लागतं."

पेशीबाई इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मग म्हणाली, ही मुळात आपल्याच बाजूची, शरीरातला कचरा उचलणारी पेशी असावी. कधी हिच्या पोटात कॅन्सरच्या पेशीचा तुकडा सापडतो. आता तिने तो गिळून संपवलाय, का पाठीवर घेऊन दुसरीकडे पोचवतेय, हे कुणालाच माहीत नाही.

"म्हणजे शिपाई का फितूर, ठरायचंय," तुझी आई म्हणाली.

"अगदी तेच ठरवायचंय."

घरी येताना बसमध्ये मला म्हणाली, "तिथे माझी कीव करत नाहीत हो. कौतुक करतात." तेवढ्यासाठी ती सुया टोचून घेते.

फक्त शिरा आता साथ देत नाहीत. औषधांनी पार सुकल्यात. मागच्या खेपेला शीर सापडलीच नाही, नमुना हुकला. लागोपाठ दोनदा हुकला की अभ्यासातून नाव कमी करतात. पुढच्या खेपेची मला धास्ती आहे.

तुझा बाबा


१२ मार्च

ठकू,

तुझं पत्र मिळालं. तिकीट काढते म्हणतेस. थांब. बातमी चांगली आहे.

पेशीबाईने नियम मोडून सांगितली. खरं तर अभ्यासातले निकाल आजाऱ्याला सांगायचे नसतात, कारण त्यांचा अर्थ अजून कुणालाच पुरता लागलेला नाही. पण ती बोळातून जवळजवळ पळतच आली. म्हणाली, "आजी, मी हे बोलायला नको, पण या वेळच्या तुमच्या नळीत ती मोठी पेशी दिसलीच नाही. एकही नाही. मी पुन्हा बघितलं."

तुझ्या आईने माझा हात धरला आणि इतका दाबला की अंगठी रुतली. मग म्हणाली, "मिस्त्री, पोरीकडे जायला मला गरम कपडे लागतील का हो?"

घरी आल्यावर कित्येक महिन्यांनी मशीनवरचं कापड काढलं. नातीसाठी फ्रॉक बेतलाय. पिवळ्या कापडाचा, खिशावर बदक. माप कुणाचं घेतलंस म्हटलं तर म्हणाली, "दोन वर्षांची पोर केवढी असते ते मला सांगू नका." आता तुला बोलवायचं नाही, ती स्वतः येणार. उन्हाळ्यात. तिने बॅगही माळ्यावरून काढायला लावली.

तेव्हा तू घाई करू नकोस.

औषधाचा त्रास आहे. तोंड सोललंय, पाणीही झोंबतं. पण हसून सोसते. मोठे डॉक्टर औषध थांबवावं म्हणत होते, स्कॅन त्यांना आवडला नव्हता. हिनेच हट्ट धरला, की माझ्या रक्तात आता ती नाही, चालू ठेवा. ते म्हणाले, अभ्यासातल्या एका नळीवरून काही ठरत नसतं. तरी हिची जिद्द बघून आणखी एक फेरी देऊ म्हणाले. सोमवारी आहे.

मी बरा आहे. दोन्ही कोपरांच्या आत निळे डाग पडलेत तेवढे. सुईचे असतात, जातील.



बाबा


१६ मार्च

ठकू,

तुझी चिठ्ठी दुकानात आली. तुझं माझ्यावर लक्ष आहे हे विसरलोच होतो. "धडधाकट माणसाच्या दोन्ही हातांतून रक्त का काढलं?" एवढंच लिहिलंयस. वकिलीत गेली असतीस तर नाव काढलं असतंस.

सांगतो. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसलो होतो. रक्त काढणाऱ्या बाईने आधी माझ्या डाव्या हातातून घेतलं, पहिली नळी बाजूला, दुसरीवर माझा आकडा. मग तुझ्या आईकडे वळली. कोपरात टोचलं, नाही. मनगटात टोचलं, नाही. दंड चोळला, मुठी वळायला लावल्या. तुझी आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. ओरडली नाही, पण मला तिची मान दिसत होती आणि मानेवरून घाम ओघळत होता. तिसऱ्यांदा सुई लागली तेव्हा ती खुर्चीतच कलंडली. तिला शेजारच्या खोलीत नेऊन निजवलं. बाई म्हणाली, "आजोबा, आज नाही व्हायचं बहुतेक. मी विचारून येते." आणि गेली, ती दुसऱ्या कामात अडकली असावी.

मी तिच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो. आधी नुसता बसलो, शपथेवर सांगतो. तेवढ्यात एक नवा टेक्निशियन ट्रे घेऊन आला. ट्रेमध्ये तिच्या नळ्या, तिच्या आकड्याची चिठ्ठी चिकटवलेल्या. आता तिथली रीत अशी, की नळीवर नाव नसतं. प्रयोगशाळेत बसून मोजणाऱ्याला कोण आजारी, कोण धडधाकट, हे कळू नये म्हणून नुसता आकडा. त्याने विचारलं, "तुमचा आकडा?"

मी तिचा सांगितला. मला पाठ होता. उजवी बाही वर केली.

मनात एवढंच होतं, की नाव कमी व्हायला नको. तिच्या त्या खोलीचं दार बंद व्हायला नको. एका नळीने त्या अभ्यासाचं असं काय बिघडणार? शेकडो नळ्या जातात तिथे. ज्या माणसाने दुसऱ्याच्या मशीनचा एक स्क्रू इकडचा तिकडे लावला नाही, त्याने हे केलं. आणि परिणामाचा विचार? पेशी न दिसण्याचा काय अर्थ घेतील, हे डोक्यातच आलं नाही. दगडासारखं डोकं झालं होतं.

पेशीबाई धावत आली, तेव्हा एका क्षणात सगळं कळलं. ती रिकामी नळी माझी. तोंड उघडायला हवं होतं. पण तुझ्या आईने हात धरला होता, आणि तो हात कित्येक दिवसांनी गरम लागत होता.

आता बघ काय करून बसलोय. माझ्या रक्ताच्या भरवशावर ती विष पोटात घेतेय. काल पाण्याचा घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हणाली, "लागू पडलंय म्हटल्यावर सोसायला काय जातं?" आणि तुला मी थांबवून ठेवलंय. ती उन्हाळ्याची वाट बघते. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा मी बघितलाय ठकू, तो उन्हाळ्याचा चेहरा नव्हता.

परवा सोमवार. त्याआधी बोलायलाच हवं. आज तीनदा तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. एकदा म्हणाली, "सुईत दोरा ओवा," म्हणून ओवून दिला. एकदा बदकाचा डोळा काळा करू का तपकिरी विचारलं. तिसऱ्यांदा तिने काहीच विचारलं नाही, आणि मीच बाहेर आलो.

मी काय करू, असं लिहिणार होतो. पण ते तुझ्यावर ढकलणं झालं. तिकीट काढ म्हणू, का थांब म्हणू, तेही कळत नाही. पत्र टाकून येतो. उद्या रविवार असला तरी पेशीबाई येते, तिच्या पेशींना सुट्टी नसते.

बाबा


२१ मार्च

ठकू,

सगळं क्रमाने लिहितो, मध्ये थांबवू नकोस.

पेशीबाईला सांगितलं. ती स्टुलावर बसली होती. ऐकता ऐकता तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आजोबा, ती नळी मी कालच्या बैठकीत सगळ्यांपुढे मांडली," ती म्हणाली. "अशी नळी मी वर्षभर शोधत होते."

"चुकलो मी. मला वाटलं, एका नळीने..."

"माझी नळी जाऊ दे. मी उद्या उभी राहून सांगेन की ती बाद. माझं हसं होईल, होऊ दे, मीही नियम मोडलाच ना. पण आजींनी त्याच्यावर औषध चालू ठेवलंय. ते दिवस मी कुठून परत आणू?"

ती उठली, मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. मग दाराशी येऊन म्हणाली, "आजींना मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आजच."

घरी आलो. मशीन चालू होतं. तुझी आई फ्रॉकचा घेर घालत होती.

"अहो, दारात काय उभे? मशीन बघायला आलात का मला?"

"ती नळी माझी होती."

"कुठली नळी?"

"रिकामी निघाली ती. तू निजली होतीस. तुझ्या खुर्चीत मी बसलो, तुझा आकडा सांगितला."

तिने तळव्याने चाक धरलं. मशीन थांबलं. सुई कापडातच राहिली.

"म्हणजे माझ्या अंगात ती आहे."

"असणार."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं. मी मोरीत ओकत होते, तेव्हा. बॅग काढायला लावली, तेव्हाही."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी आनंदात होतीस. तुझ्या भल्यासाठीच मी..."

ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते. पुन्हा म्हणा, म्हणाली. मग तिनेच म्हटलं, "तुझ्या भल्यासाठी. हेच, अगदी हेच शब्द. मी पोरीला फोनवर हेच म्हटलं होतं." मग बराच वेळ फ्रॉकवरचे दोरे वेचत बसली. एकही दोरा उरला नव्हता तरी वेचत होती. "मी आपली म्हणायची, एवढं काय झालं तिला रागवायला? काळजीपोटीच केलं ना? असं होतं होय. आपलंच मरण, आपलंच माणूस, आणि आपण दाराबाहेर."

मी जवळ गेलो तर म्हणाली, "आत्ता नको. आत्ता मला तुमचा राग आलाय. येऊ दे नीट."

त्या दिवशी चहा दिला तो बिनसाखरेचा. इतक्या वर्षांच्या भांडणांत हे पहिल्यांदाच झालं. मी सगळा प्यायलो. तेव्हाच तुझ्या तिन्ही चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने चष्मा लावून वाचल्या, कुत्र्याच्या ओळीपाशी ओठ जरा हलला, आणि तिन्ही उशीखाली सरकवल्या.

सोमवारी ती औषधाच्या खोलीत गेली नाही. सरळ बोळाच्या टोकाला गेली आणि आतल्या हिरव्या खुर्चीत बसून बाही वर केली. रक्त काढणाऱ्या बाईने या वेळी गरम पाण्याची पिशवी आणली होती. हात शेकत ठेवला, खाली लोंबता सोडला, आणि अंगठ्याच्या बाजूला मनगटाजवळ एक शीर हळूच वर आली. तुझी आई भिंतीकडे वळली नाही. सुईकडे बघत राहिली. पहिली नळी भरली, बाजूला ठेवली. दुसरी भरायला लागली, अगदी थेंबाथेंबाने, मध्येच थांबायची. मी दाराबाहेर उभा होतो. रक्त घेतात तेव्हा मला आत यायला आता मनाई आहे. काचेतून बघितलं. भरली.

मोजणी झाल्यावर पेशीबाईने आम्हाला बसवलं आणि नुसते कागद चाळत राहिली. तुझी आईच म्हणाली, "बोल गं. मागच्या वेळी नियम मोडून खोटं सांगितलंस, आता खरं सांगायला मोड."

"आहेत, आजी. पहिल्यापेक्षा जास्त आहेत."

"दाखव."

पडद्यावर एक आली. मोठी, कडेने हिरवी, पोटात काहीतरी धरलेली. तुझी आई तिच्याकडे बराच वेळ बघत होती. शेजारणीकडे बघावं तशी.

"शिपाई का फितूर, ठरलं का?"

"नाही अजून."

"मग ठरव बाई लवकर. माझ्या घरात राहते, खाते-पिते, आणि आपलं नाव सांगत नाही म्हणजे काय!"

पेशीबाईने या वेळीही चष्मा काढला. हसायला नाही.

मोठ्या डॉक्टरांनी नवा स्कॅन बघितला आणि औषध थांबवलं. ते लागू पडलेलं नाही. आता फक्त दुखू नये एवढं बघायचं. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिची अट मात्र तिलाच आठवली. पायऱ्या उतरताना कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "लागू नाही पडलं ना? मग काय ठरलं होतं आपलं?"

म्हणून हे पत्र. तिकीट काढ. लवकरात लवकरचं काढ.

माझं नाव अभ्यासातून कमी केलंय, तेच योग्य आहे. पण तुझ्या आईच्या शेजारची हिरवी खुर्ची त्यामुळे रिकामी आहे. पेशीबाई म्हणाली, वयाचा मेळ नसला तरी रक्ताच्या नात्यातलं कुणी धडधाकट असेल तर वेगळ्या गटात घेता येईल. तुझी आई म्हणाली, "आहे एक. तब्येत उत्तम. स्वभाव तेवढा माझ्यावर गेलाय, तो चाळणीत अडकेल."

माझी आधीची पत्रं ठेवू नकोस. सुई आत शिरताना वरचं वरचं जे सोबत येतं, ते होतं त्यांत. गुडघे, कुत्रा, एसी. हे तेवढं ठेव.

खाली थोडी जागा सोडतोय. तिने मागून घेतलीय.

बाबा

ठकू,

तुझ्या चिठ्ठ्या वाचल्या. उत्तर मीच द्यायला हवं. जोडीतली आजारी मी. हे तुला माझ्या तोंडून कळायचं होतं, मागच्या वेळीही. नाही सांगितलं, चुकले. तुला किती लागलं असेल ते मला या रविवारी कळलं.

फ्रॉक जवळजवळ झालाय. बाह्या कच्च्या दोऱ्यावर ठेवल्यात, माप अंदाजाचं आहे. पक्की शिलाई पोर समोर उभी राहिल्याशिवाय मारणार नाही. तिला घेऊन ये.

हात लवकर दमतो आता.

आई